सेल्फ लागत नाही म्हणून लगेच बॅटरी बदलू नका

जुन्या स्कूटरचं इलेक्ट्रिकल बिघडलं की आपल्याकडे एक ठरलेला क्रम असतो. सेल्फ लागत नाही, बॅटरी बदला. थोड्या दिवसांनी परत लागत नाही, रिले (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) बदला. मग सेल्फची मोटर खोला, आतले कार्बन ब्रश बदला, आणि एवढं करूनही जमलं नाही की गॅरेजवाले काका फडक्याला हात पुसत म्हणणार, "ताई, वायरिंगच गेलंय, अख्खं किट टाकावं लागेल, नाहीतर किकवर चालवा ना, काय अडतंय?" अडत काहीच नाही, पण यातल्या एकाही टप्प्यावर कोणी मल्टिमीटर लावून बघितलेलं नसतं. माझं मत एवढंच आहे की या गाड्यांमध्ये पार्ट फारसे जात नाहीत, जोड जातात, आणि जोड खराब आहे हे डोळ्याला दिसत नाही, ते मोजावं लागतं.

आमच्याकडे आईची किनेटिक होंडा आहे, नव्वदच्या दशकातली, ९८ सीसी टू-स्ट्रोक. किनेटिक आणि होंडाची भागीदारी १९८४ ते १९९८ अशी चालली, कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला, पण फिरोदिया पुण्याचे म्हटल्यावर पुण्यात ती घरचीच गाडी समजली जायची. शेजारपाजारचे चेतकवाले सकाळी गाडी तिरकी करून किका मारत बसायचे आणि आई बटण दाबून ऑफिसला निघून गेलेली असायची, गिअर नाही क्लच नाही, म्हणून त्या गाडीचा सेल्फ चालू असणं हा आमच्या घरात जरा इभ्रतीचा प्रश्न आहे. किक आहे हो, मारताही येते, पण मग किनेटिक कशाला ठेवायची.

आता मुद्द्याचं. या वयाच्या स्कूटरचं वायरिंग उघडलं की पहिल्यांदा शेवयांचा गुंता वाटतो, पण त्यात तीन वेगळी खाती आहेत आणि ती एकमेकांत फारशी ढवळाढवळ करत नाहीत. एक ठिणगीचं खातं, म्हणजे मॅग्नेट (इंजिनबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक), त्याखालच्या प्लेटवरची कॉइल, पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर), सीडीआय (ठिणगी सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी), एचटी कॉइल (व्होल्टेज चढवणारी), प्लग. याला बॅटरी लागतच नाही, बॅटरी काढून ठेवली तरी किकवर गाडी सुरू होते. दुसरं हेडलाइटचं, तेही मॅग्नेटच्याच दुसऱ्या कॉइलवरून थेट एसी करंट घेतं, म्हणून इंजिन बंद असताना हेडलाइट लागत नाही आणि आयडलिंगला पिवळट मिणमिणता असतो तो रेस केल्यावर उजळतो. ते बिघाड नाहीये, ते तसंच असतं. तिसरं खातं बॅटरीचं, सेल्फ, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा. गाडी वेगळ्या मेकची असली तर खात्यांची वाटणी थोडी वेगळी असेल पण वरच्या दोन खुणांवरून, म्हणजे बॅटरी काढून किक मारणे आणि इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावणे, तुमच्या गाडीत काय कुठून येतंय ते लगेच कळतं.

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, कारण मग पहिला प्रश्न "काय बदलू" हा राहत नाही, "कुठल्या खात्यातलं गेलंय आणि त्या खात्यातलं अजून काय काय चालू आहे" हा होतो. हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ सगळं एकदम मेलं पण किकवर गाडी मस्त सुरू होतेय, तर सीडीआयकडे बघायचंही कारण नाही, फ्यूज बघा, बॅटरीचे दोन्ही थिंबल (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या) बघा, चावीच्या स्विचचा कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) बघा. उलट हॉर्न कडक वाजतोय, इंडिकेटर व्यवस्थित मारतोय आणि फक्त सेल्फ नाही, तर फ्यूज ठीक आहे हे हॉर्ननेच सांगितलं. फ्यूजबद्दल एक, उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी नाहीतर तांब्याची तार गुंडाळलेली मी स्वतः बघितलीये. कृपा करून असलं काही करू नका, फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला घासून शॉर्ट होतेय, तार गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीजवळून जाते.

बॅटरी मोजायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, चावी लावायच्या आधी. चार्जिंगवरून नुकतीच काढलेली किंवा आत्ताच फिरून आलेली बॅटरी छान आकडा दाखवते, त्याला अर्थ नाही. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या जवळ आली की जवळपास रिकामी. पण हा नुसता आकडा बघून बॅटरीला प्रमाणपत्र द्यायचं नाही, मीटर तसाच लावून ठेवून सेल्फ मारायचा आणि तेव्हा आकडा कुठपर्यंत खाली येतो ते बघायचं. दहाच्या वर टिकली तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे. आठ-सातवर कोसळली तर गेली. आणि स्कूटरची बॅटरी लहान असते, ५ अँपिअर-अवर वगैरे, तिला कारच्या चार्जरवर जोरात चार्ज करायचं नाही, अर्धा अँपिअरवर निवांत रात्रभर. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या वापरून नाही, न वापरून मरतात, रिकाम्या अवस्थेत पडून राहिल्या की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज होतच नाही नीट.

आमच्या गाडीत बॅटरी चांगली निघाली. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर साडेदहाच्या वर व्होल्टेज आणि मोटर तरी अशी फिरत होती की जणू उपाशी आहे, घुर्र घुर्र करून थांबायची. इथेच लोक मोटर खोलतात. मोटर खोलायच्या आधी पाच मिनिटं हे करा: मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या टोकावर (थिंबलवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या टोकावरच), लाल पिन इंजिनच्या उघड्या ॲल्युमिनियमवर दाबून धरा आणि कोणालातरी बटण दाबायला सांगा. एरवी इथे शून्य दिसतं. बटण दाबल्यावरसुद्धा शून्याच्या जवळच राहायला पाहिजे, पाव-अर्धा व्होल्ट फार झाला. आमच्याकडे पावणेदोनच्या पुढे गेला. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या साडेदहापैकी पावणेदोन व्होल्ट परतीच्या रस्त्यातच खाल्ले जात होते, मोटरला उरलेलं मिळत होतं.

आता याच ठिकाणी जर मीटर ओहमवर ठेवून कंटिन्युइटी (तार सलग आहे का) बघितली असती तर बीप वाजली असती आणि अर्थ, म्हणजे इंजिन-फ्रेममधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जायचा रस्ता, उत्तम आहे असं कोणीही म्हटलं असतं. हिशोब बघा, सेल्फची मोटर तीस-चाळीस अँपिअर ओढते. ४० अँपिअर आणि जोडात फक्त ०.०५ ओहम, तर तिथे २ व्होल्ट गायब. आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या पिना एकमेकांना चिकटवल्या तरी ०.२-०.३ ओहम दाखवतात, तो ०.०५ कसा पकडणार? म्हणून करंट चालू असतानाच व्होल्टेज मोजायचं. टेस्ट लॅम्पचंही तेच, छोट्या बल्बला एवढासा करंट लागतो, तो सडक्या जोडातूनही आरामात पेटतो. इलेक्ट्रिशियन लोक टेस्टर लावतात, दिवा लागतो, "करंट येतोय ना, मोटर खराब आहे" म्हणून मोकळे होतात, ते का चुकतात ते इथे आहे.

कारण शोधल्यावर सापडलं ते एकदम घरगुती. बाबांनी मध्ये गाडीला नवा कलर मारून घेतला होता, आणि पेंटरने बॉडी चकाचक करताना फ्रेमवरचा अर्थचा पॉइंटही प्रेमाने रंगवला होता, वरून बोल्ट आवळलेला. थिंबल आणि लोखंड यांच्यामध्ये प्रायमर आणि मरून रंगाचे थर. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर गाडी चालू होती, त्यात पुढच्या पावसाळ्यांनी गंज घातला. अशा स्कूटरमध्ये इंजिन रबरच्या बुशांवर लटकलेलं असतं, म्हणजे इंजिन आणि फ्रेम यांच्यात आपोआप अर्थ मिळत नाही, त्यासाठी वेगळी वायर असते आणि तिचं महत्त्व कोणालाच वाटत नाही. पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढलं, थिंबल नवीन लावलं, आवळल्यावर वरून व्हॅसलिन फासलं (आधी नाही, नंतर), झालं. जुनाच रिले, जुनीच मोटर, आणि सेल्फ एका दमात.

प्लस बाजूलाही हीच ट्रिक. बॅटरीच्या प्लसपासून रिलेच्या जाड वायरपर्यंत, मग रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये, मग रिलेपासून मोटरच्या टोकापर्यंत, प्रत्येक तुकड्यावर मीटर लावून बटण दाबा, ज्या तुकड्यावर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसेल तिथेच रोग आहे. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये बटण दाबल्यावर व्होल्ट-दीड व्होल्ट दिसला तर आतले पॉइंट जळलेत, तेव्हा खुशाल रिले बदला, तो पैसा वाया नाही. आणि बटण दाबून टक असा आवाजच येत नसेल तर जाड वायरकडे जायचंच नाही, बारीक वायरचा प्रश्न आहे: बटण, आणि ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशी सोय असलेल्या गाड्यांत ब्रेकचा स्विच. ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतोय का बघा. लागत नसेल तर सेल्फचा गुन्हेगार बहुतेक ब्रेकच्या लिव्हरखाली सापडेल.

अर्थ खराब असल्याची अजून एक खूण आहे जी मला फार आवडते, कारण तिला मीटरही लागत नाही. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मंद पेटतात, किंवा इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच तालावर लुकलुकतो. लोक म्हणतात वायरी एकमेकींना चिकटल्या. चिकटलेलं काही नसतं, मागच्या दिव्यांना अर्थ मिळत नसतो, म्हणून करंट परत जायला रस्ता शोधत शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून निघून जातो आणि जाताजाता त्याला पेटवतो. मागच्या लाइटच्या होल्डरची अर्थची वायर (होंडाच्या पद्धतीत हिरवी) साफ करा, भूत उतरतं.

हेडलाइटचं खातं वेगळं म्हटलं ना, तिथे मीटर एसीवर ठेवायचा. बल्ब सारखे उडत असतील आणि तेही जोरात चालवताना, तर बल्बच्या कंपनीला शिव्या देऊ नका, आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट बघा. मॅग्नेट जितका जोरात फिरेल तितका व्होल्टेज वाढत जातो, त्याला लगाम घालायचं काम आरआरचं, आणि त्याच डबीत एसीचा डीसी करून बॅटरी चार्ज करायचंही. रेस वाढवत नेली की हेडलाइटच्या टोकांवर आकडा तेरा-चौदाच्या आसपास थांबला पाहिजे, तो चढतच चाललाय असं दिसलं तर आरआर गेला किंवा आरआरची अर्थ गेली. आधी अर्थ बघा, स्वस्तातली आहे. बॅटरीवर तेव्हाच डीसी लावून बघून घ्या, रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा हवं, साडेबाराच राहिलं तर चार्जिंग होत नाहीये, पंधराच्या वर गेलं तर बॅटरी उकळतेय. आणि हो, ३५/३५ वॅटचा बल्ब काढून एलईडी टाकायची हौस असेल तर थांबा. या सर्किटला एसी आहे, साधा डीसीवरचा एलईडी त्यात फडफडतो आणि लवकर मरतो. इंडिकेटरला एलईडी टाकले तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) हललाच नाही असंही होतं, कारण त्याला दहा-दहा वॅटच्या बल्बांचा भार अपेक्षित असतो आणि एलईडीचा भार त्याच्या खिजगणतीत नाही.

हँडल वळवलं की हेडलाइट जातो, सरळ केलं की येतो, हा प्रकार जुन्या प्रत्येक गाडीत कधी ना कधी येतोच. मानेपाशी वायरी रोज वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हळूच ओढा, तुटलेली असते ती रबरासारखी ताणली जाते, बाकीच्या ताणल्या जात नाहीत. जोडताना पिळून टेप मारायची नाही, पुण्याच्या उन्हात ती टेप दोन वर्षांत गोंद होऊन खाली ओघळते. सोल्डर करायचं, वर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि शक्यतो जोड मानेच्या वाकणाऱ्या भागात नाही, तिथून बाजूला घ्यायचा, कारण सोल्डर केलेली जागा कडक होते आणि तिच्या कडेला वायर परत तुटते.

आता पावसाळ्याचं, म्हणजे ठिणगीचं खातं. गाडी पावसात भिजली आणि सुरूच होत नाही, सेल्फ फिरतोय, किक बसतेय, पण ठिणगी नाही. प्लग काढून कॅपमध्ये घालून इंजिनला टेकवून बघायचं, निळी टणक ठिणगी हवी, पिवळी लुळी नको. हे करताना प्लग त्याच्याच भोकापासून लांब धरा, आतून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी नसेल तर पहिला संशय प्लग कॅपवर. ती फिरवून काढता येते, वायरचं टोक हिरवं-काळं झालं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून नव्या तांब्यावर कॅप परत फिरवून बसवायची. आणि दुसरा संशय, जो गॅरेजमध्ये फार कमी लोक घेतात, तो चावीच्या स्विचवर. अशा सीडीआयच्या गाड्यांमध्ये चावी बंद केल्यावर करंट तोडला जात नाही, उलट प्लेटवरच्या कॉइलचा करंट अर्थला जोडून मारला जातो. म्हणजे स्विचमध्ये पाणी गेलं की गाडीला वाटतं चावी बंदच आहे! सीडीआयकडे येणारी ती एक वायर (होंडाच्या पद्धतीत काळ्यावर पांढरी रेघ) कपलरमधून सुटी करा आणि किक मारा. ठिणगी आली तर सीडीआय, कॉइल, पिकअप सगळं ठणठणीत आहे आणि तुमचा बिघाड चावीच्या स्विचमध्ये आहे, तो वाळवा, साफ करा. फक्त लक्षात ठेवा की ती वायर सुटी असेपर्यंत गाडी चावीने बंद होणार नाही.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी हा सगळ्यात छळवादी आजार. सिंहगड रोडने निघालं, छान चालली, खडकवासल्याच्या अलीकडे फुस्स, आणि चहा पिऊन आलं की पहिल्या किकला सुरू. गॅरेजला नेली तर अर्थातच व्यवस्थित चालते कारण तोपर्यंत थंड झालेली असते. प्लेटवरच्या कॉइलची बारीक तार कुठेतरी तडकलेली असते, तापून पसरली की तुटते, थंड झाली की परत टेकते. ती पकडायची असेल तर बंद पडल्या पडल्या तिथेच, रस्त्याच्या कडेला, कपलर काढून कॉइलचा ओहम मोजायचा आणि घरी आल्यावर थंड असताना परत मोजायचा. थंड असताना काहीशे ओहम आणि गरम असताना मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे कॉइल गेली. तापल्यावर ओहम थोडा वाढणं नॉर्मल आहे, तांबं तसंच वागतं, त्याला घाबरू नका. यासाठी डिकीत छोटा मीटर ठेवलेला बरा, स्वस्तातला पिवळावाला चालतो.

अख्खं वायरिंग किट बदलावं का? पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत विचारलं तर काहीतरी मिळतंच, पण बाजारातल्या नव्या किटची वायर बऱ्याचदा मूळच्यापेक्षा बारीक असते आणि कपलरची पकडही ढिली. एवढी वर्षं टिकलेलं मूळ वायरिंग उंदरांनी कुरतडलं नसेल तर मी काढायला देणार नाही. (सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांवर वेगळी पोस्ट होईल.) एक रविवार काढा, प्रत्येक कपलर सोडवा, आतल्या पिना साफ करा, ढिल्या झालेल्या बारीक पक्कडीने किंचित दाबा, परत लावा. एखाद्या वायरचं टोक सोलल्यावर आत तांबं काळं पडलेलं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

आमच्या गाडीत आता पेट्रोलचा काटा तेवढा राहिलाय. टाकीवरच्या फ्लोटची वायर काढून क्षणभर अर्थला लावली तर काटा टुणकन फुलवर जातो, म्हणजे काटा आणि वायर दोन्ही जिवंत आहेत, फ्लोटचा आतला रेझिस्टन्स झिजलाय. तो फ्लोट काही मिळत नाहीये, जुन्या बाजारात दोन मिळाले ते आमच्यापेक्षा झिजलेले होते. कोणाकडे चांगला पडून असेल तर सांगा, तोपर्यंत आई झाकण उघडून गाडी हलवून बघते.